बसऱ्याला गेलेले पणजोबा

सर्वपित्री अमावास्येला आमच्या घरी पितरांची पाने वाढायला घेतली, की एका पानाशी येऊन वाढणाऱ्याचा हात क्षणभर थबकतो. ते पान माझ्या पणजोबांचे. पान वाढायचे, पण पाणी सोडताना नाव मात्र उच्चारायचे नाही, अशी एक चमत्कारिक तडजोड माझ्या आजोबांनी घालून दिली होती. तीदेखील १९६२ नंतरची. त्या साली पणजी वारली. ती जिवंत होती तोवर ते पान मांडण्याची कुणाची छाती नव्हती. कारण कपाळावर आडवे कुंकू लावून, पायांत जोडवी घालून ती स्वतःच चुलीपुढे बसलेली असे, आणि सवाष्णीच्या देखत तिच्या नवऱ्याचे पान कोण वाढणार?

पणजोबा पलटणीत शिपाई होते. १९१४ साली ते 'बसऱ्याला' गेले आणि परत आले नाहीत. घरात एवढीच माहिती. आमच्या सातारा भागात त्या महायुद्धाला कुणी महायुद्ध म्हणत नसे. बसऱ्याची लढाई म्हणत. बसरा कुठल्या दिशेला आहे हे पणजीला ठाऊक नव्हते. तरी रोज तिन्हीसांजेला ओसरीवर बसून ती पश्चिमेकडे पाही, असे आत्या सांगते. आत्याच्या सांगण्यात थोडी भर असावी. आमच्या ओसरीचे तोंडच पश्चिमेला आहे.

गावात दोन पक्ष होते. एक म्हणे, शिपाई पडला, सरकारने पेन्शन बांधून दिली, आणखी काय पाहिजे? दुसरा पक्ष म्हणे, कसला पडतोय! बगदादला दुसरे घर करून बसला. हा दुसरा पक्ष अधिक जोरात होता, कारण त्यात रस अधिक होता. माझ्या आजोबांचे लग्न ठरताना मुलीच्या मामाने भर बैठकीत, "पोराचा बाप नक्की कुठं हाय?" असा प्रश्न केला होता म्हणतात. आजोबा पुढे ऐंशी वर्षे जगले, पण तो मामा आमच्या घरी जेवायला कधी बसला नाही.

आणि पणजी? ती तालुक्याच्या खजिन्यात जाऊन पेन्शनीच्या पावतीवर अंगठा उठवी. पावतीवर तिचे नाव, पुढे 'कोम', मग नवऱ्याचे नाव आणि त्याच्यापुढे 'मयत'. सरकारी कागदावर ती विधवा झाली होती. घरी आल्यावर हातपाय धुऊन ती करंड्यापुढे बसे आणि कुंकू लावी. तिच्या तोंडावर बोलणारे कुणी नव्हते, पण हळदीकुंकवाला तिला बोलवावे की नाही, यावरून आळीत दरवर्षी कुजबुज होई. पुढे पुढे तिनेच जाणे सोडले.

हे सगळे मी लहानपणापासून ऐकत आलो. तीनचार कादंबऱ्या लिहिल्या. त्यांत या ना त्या रूपाने पणजी येऊनही गेली. पण पणजोबांचे खरेखुरे काय झाले, हे शोधावे असे माझ्या मनात आले नाही, हे कबूल केले पाहिजे. ते मनात आणून दिले शाळेतल्या एका पोराने. नववीच्या वर्गाला मी घरातल्या जुन्या वस्तूंची यादी करून आणायला सांगितली होती. कुणी तांब्याची घागर लिहिली, कुणी आजोबांची काठी. शेवटच्या बाकावरून प्रश्न आला, "गुरुजी, तुमच्या घरात काय आहे?"

आमच्या माळ्यावर एक लोखंडी ट्रंक आहे. त्या रविवारी ती खाली उतरवली. तीत खजिन्याच्या दोन पावत्या, मोडीत लिहिलेले एक पत्र आणि फडक्यात बांधलेली दोन पदके निघाली. एक तारा आणि एक गोल, पंख पसरलेल्या बाईचे चित्र असलेले. आत्या शेजारी बसली होती. ती म्हणाली, "तिसरंबी हुतं. चांदीचं. त्याची आजीनं जोडवी केली."

आजीने म्हणजे माझ्या पणजीने. पहिल्या महायुद्धाचे ब्रिटिश वॉर मेडल लढवय्या शिपायाला चांदीचे मिळे. वजनाला सुमारे पावणेतीन तोळे. तारा आणि विजयपदक काशाचे. सोनाराने चांदीचे तेवढे घेतले असणार आणि बाकीची दोन परत केली असणार. त्यामुळेच ती राहिली. नवऱ्याच्या मरणाबद्दल सरकारने घरपोच दिलेल्या चांदीची त्या बाईने सौभाग्याची जोडवी घडवून घेतली, आणि ती पायांत घालून ती शेवटपर्यंत वावरली. मी कादंबरीकार असूनही मला हे सुचले नसते.

विजयपदकाची कड भिंगाखाली धरली. या पदकांच्या कडेवर मिळवणाऱ्याचा पलटणीतला नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. ताऱ्याच्या बाबतीत हा मजकूर पाठीमागे असतो. अक्षरे झिजली होती, तरी लागली: नंबर, 'सिपॉय', पणजोबांचे नाव आणि '११७ महारट्टाज'. त्यांचे नाव मी इथे देत नाही. त्या नावाची चार माणसे आजही आमच्या भावकीत आहेत आणि त्यांतल्या दोघांशी माझे बांधावरून बोलणे बंद आहे.

आता शोधाला धागा मिळाला, असे वाटले. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, इंग्रजी कामापुरते. माझी समजूत अशी, की इंग्रजांनी सगळे कागद नीट बांधून ठेवले असतील. आपण पत्र घातले की झाले. ती समजूत लौकरच उतरली. हिंदी फौजेतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांचे कागद लंडनला पुष्कळ मिळतात. साध्या हिंदी शिपायाची चाकरीची नोंद पलटणीकडे राही, आणि माणूस व त्याचे पेन्शन संपले की कालांतराने ती नोंदही निकालात निघे. एका कचेरीत मी तीन अर्ज केले. तिसऱ्याला उत्तर आले ते भलत्याच माणसाविषयी होते. तो १९६५ च्या लढाईतला निघाला. पंजाबातल्या लोकांचे नशीब थोडे बरे. तिथल्या तीन लाख वीस हजार शिपायांची गाववार रजिस्टरे लाहोरच्या संग्रहालयात पडून होती. ती २०२१ मध्ये लोकांसमोर येऊ लागली. आपल्याकडच्या गावांसाठी तसे काही हाती लागले नाही. आमच्या चावडीच्या भिंतीत एक दगड आहे. या गावातून इतके गेले, इतके पडले, एवढे आकडे त्याच्यावर आहेत. नावे नाहीत.

तेव्हा माणूस सापडत नाही तर निदान त्याची पलटण शोधावी, असे ठरवले. पलटणीच्या हालचालींचे कागद मात्र आहेत, पुस्तकेही आहेत. ११७ वी मराठा पलटण सन १८०० मध्ये उभी राहिली. १९१४ च्या ऑक्टोबरात मुंबईहून जी पहिली ब्रिगेड गुपचूप इराणच्या आखातात निघाली, तीत ही पलटण होती. नोव्हेंबरात ती फाओला उतरली आणि त्याच महिन्यात बसरा पडले. माझे आजोबा तेव्हा पाळण्यात होते.

पुढे एप्रिल १९१५ मध्ये शैबाची लढाई झाली. सप्टेंबरच्या अखेरीस टायग्रिसच्या काठचे कूत-अल-अमारा घेतले. एवढ्यावर थांबले असते तर आमच्या घरची कथा निराळी झाली असती. परंतु जनरल टाउनशेंडच्या हाताखालची सहावी पुणे डिव्हिजन बगदादच्या रोखाने आणखी वर गेली, आणि २२ नोव्हेंबर १९१५ ला टेसिफॉन येथे, ज्याला तिथले लोक सलमान पाक म्हणतात, तिची गाठ तुर्कांशी पडली. माणसे फार गेली आणि माघार घ्यावी लागली. ३ डिसेंबरला थकलेली डिव्हिजन कूतमध्ये परतली. ७ तारखेला तुर्कांनी वेढा आवळला.

ट्रंकेतले पत्र त्याच्या थोडे आधीचे, आश्विनातले. पलटणीतल्या कुणा लिहिणाऱ्याने मोडीत लिहून दिलेले. साताऱ्याच्या एका वृद्ध मोडी जाणकारांनी ते मला वाचून दाखवले. पत्रे तपासली जात, म्हणून जागेचे नाव नाही. 'बसऱ्याच्या पुढे' एवढेच. मी सुखरूप आहे. इथे खजूर पुष्कळ. तांबड्या बैलाचा पाय बरा झाला का. पोराला दात आले का. पैसे पाठवले ते पोचल्याचे कळव. बस्स. जाणकार म्हणाले, "सामान्य पत्र आहे." मी म्हटले, "हो, सामान्यच आहे." त्यांनी वाचनावळ घेतली नाही.

कूतचा वेढा १४७ दिवस चालला. त्यावर इंग्रजीत पुष्कळ लिहिले गेले आहे, पण बहुतेक अधिकाऱ्यांच्या बाजूने. मी वाचत होतो तो शिपायाचे ताट शोधत. गाव नदीच्या वळणात. तिन्ही बाजूंनी पाणी, चौथ्या बाजूला खंदक. आत दहा हजारांच्या वर लढणारी माणसे, शिवाय नोकरचाकर, शिवाय गावातले अरब. धान्य होते, पण दळायचे कसे हा पहिला प्रश्न पडला. तेव्हा विमानातून जात्याचे दगड टाकले गेले. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले. आमच्या घरात त्या सुमारास पहाटे पणजी जात्यावर बसत असेल आणि हजारो मैलांवर तिच्या नवऱ्यासाठी आभाळातून जाते पडत होते!

मग धान्यही सरत आले. जानेवारीपासून खेचरे आणि घोडे कापायला सुरुवात झाली. गोऱ्या सोल्जरांनी ते मांस खाल्ले. हिंदी शिपायांनी नाकारले. हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या परवानग्या मागवल्या आणि त्या बिनतारी यंत्राने आत पाठवल्या. तरी पुष्कळांनी तोंड फिरवले. त्यांचे म्हणणे असे नोंदलेले आहे, की इथे परवानगी दिली तरी गावाकडे ती कोण मानणार? आपल्या मुलींना कोण पत्करणार? विलायती लेखक यापुढे हिंदी माणसाच्या धर्मभोळेपणाबद्दल दोन वाक्ये टाकतात. मला त्यात भोळेपणा दिसत नाही. पोराच्या लग्नाच्या बैठकीत भलता प्रश्न विचारणारे मामा गावोगाव असतात, हे त्या उपाशी माणसांना पक्के ठाऊक होते.

भाजीपाला नव्हता. हिंदी पलटणींत हिरड्या सुजून रक्त येण्याचा रोग पसरला. लोक खंदकाकडेचा रानपाला खुडून शिजवीत. त्यातला काही विषारी निघे. एप्रिलच्या मध्यापर्यंत हजारो शिपायांनी अखेर घोड्याचे मांस खायला घेतले, पण तोवर उशीर झाला होता. पिठाचा शिधा उतरत उतरत माणशी काही औंसांवर आला. त्या महिन्यात विमानांतून पिठाची पोती टाकण्याचा प्रयत्न झाला. त्यांतली काही नदीत पडली, काही तुर्कांच्या खंदकात. वेढा फोडायला खालून जी फौज येत होती, तिचीच सुमारे तेवीस हजार माणसे मेली किंवा जखमी झाली. २४ एप्रिलला 'जुल्नार' नावाची बोट शिधा भरून रात्री निघाली, ती वाटेतच अडकून तुर्कांच्या हाती गेली. २९ एप्रिल १९१६ ला कूत शरण गेले.

पणजोबांनी घोड्याचे मांस खाल्ले असेल का? आत्याला मी हे विचारले तेव्हा ती चिडली. "जगायचं म्हणून काय बी खाल्लं आसंल. तुला काय त्येचं!"

शरणागतीनंतर जनरलसाहेब इस्तंबूलजवळच्या एका बेटावर बंगल्यात राहिले. शिपायांची मोट वाळवंटातून चालत निघाली. बगदाद, तिथून सामर्रा, मोसूल आणि पुढे रास-अल-ऐन. तिथे बगदाद रेल्वेचे काम चालले होते आणि हिंदी कैदी त्यावर लावले गेले. हगवण, ताप, टायफस. पकडलेल्या सुमारे २,६०० गोऱ्या सोल्जरांपैकी सतराशेहून अधिक कैदेत मेले. हिंदी कैदी नऊ हजारांवर होते आणि त्यांतले अडीच हजारांच्या घरात परतले नाहीत. हिंदी आकडा आजही मोघम आहे आणि तो मोघम का, हे त्यातच आले.

या मुक्कामांचे आतून केलेले वर्णन मला सापडले ते एका बंगाली माणसाचे. शिशिर सर्वाधिकारी नावाचा तरुण बंगालच्या ॲम्ब्युलन्स पथकातून गेला होता आणि कूतला कैद झाला. डायरी पकडली जाईल म्हणून त्याने तिची पाने फाडून बुटांत लपवली आणि पुढे त्यावरून पुस्तक केले. ते बंगालीत निघाले, 'अभि ले बगदाद' या नावाने. कूतच्या तीन मराठा पलटणींतल्या एखाद्या शिपायाने असे काही लिहिले असते तर! ११७, १०३ आणि ११० अशा तीन पलटणी त्या वेढ्यात होत्या. पण बुटात लपवायला आधी लिहिता यावे लागते. आमच्या माणसाला पोराच्या दातांची चौकशीसुद्धा दुसऱ्याच्या अक्षरात करावी लागली.

शेवटी नोंद सापडली ती युद्धातल्या मृतांची थडगी आणि स्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या नामावलीत. ही नामावली आता कुणालाही घरबसल्या पाहता येते. माझ्याच एका विद्यार्थ्याने ती फोनवर काढून दिली. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि ज्यांना थडगे नाही अशा चाळीस हजारांहून अधिक लोकांसाठी १९२९ साली बसऱ्याला मोठे स्मारक बांधले. १९९७ मध्ये सद्दामच्या राजवटीत ते उचलून नासिरियाच्या रस्त्याला वाळवंटात नेऊन उभे केले. त्याच्या शिळांवर गोऱ्यांची नावे आहेत, अगदी साध्या सोल्जराचेही. हिंदी अधिकाऱ्यांची आहेत. हिंदी शिपायांचे मात्र पलटणवार आकडे. आमच्या चावडीच्या दगडासारखेच. हा भेदभाव झाला होता, असे त्या कमिशनने २०२१ च्या आपल्या अहवालात मान्य केले. नावे होती ती फक्त रजिस्टरात.

पणजोबांच्या नावाने शोधले तर त्याच पलटणीत त्याच नावाची एकाहून अधिक माणसे निघाली. मराठी नावे इंग्रज कारकुनाच्या कानावर जशी पडली तशी लिहिलेली. 'ण'चा 'न' झालेला, शेवटचा 'राव' कुठे आहे कुठे नाही. मी पदक हातात धरून एकेक नंबर ताडून पाहात गेलो. एक नंबर जुळला. तारीख १९१६ च्या उत्तरार्धातली होती. म्हणजे कूतमधून ते जिवंत बाहेर पडले, चालले, आणि मग कुठेतरी राहिले. रास-अल-ऐन असावे, असा माझा तर्क. जागा लिहिलेली नाही.

त्याखाली आणखी एक ओळ होती. या नामावलीत काही शिपायांपुढे बापाचे नाव, गाव, तालुका, जिल्हा असा तपशील असतो. पणजोबांच्या पुढे बापाचे नाव नव्हते. 'अमुक हिचा नवरा' असे लिहून पणजीचे नाव दिले होते. पुढे आमचे गाव, अर्थात चुकीचे लिहिलेले, आणि सातारा. आपल्या दप्तरांत बाईच्या नावापुढे 'कोम' लावून तिला पुरुषाच्या खुंट्याला बांधतात. इथे मेलेला पुरुष बायकोच्या नावाने ओळखला जात होता. बगदादला दुसरे घर करणाऱ्याची अशी नोंद कुणी केली नसती.

आत्या आता ऐंशीच्या घरात आहे. लहानपणी ती पणजीच्या कुशीत निजायची. तिला मी हे सगळे सांगायला बसलो तेव्हा माझ्या मनात एक कादंबरीकाराची हाव होतीच. आता ही रडेल, असे वाटत होते. ती रडली नाही. म्हणाली, "म्हातारी काय येडी न्हवती. तिला ठावं हुतं."

"मग कुंकू?"

"लावायची. तिचं तिनं ठरिवलं हुतं."

मी म्हणालो, "आता तारीख मिळाली, आत्या. गुरुजींकडून तिथी काढून घेतो. त्या तिथीला श्राद्ध करता येईल."

"ही तारीख खरी कशावरनं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. कैदेतल्या मरणाची बातमी महिनोन्महिने उशिरा येई. कारकुनाला जी तारीख मिळाली ती त्याने लिहिली. मी हे सांगितल्यावर आत्या म्हणाली, "मग ऱ्हाऊ दे सर्वपित्रीलाच. पर नाव घ्या आता." यंदा पाणी सोडताना आम्ही नाव घेतले. नाव घेताना माझ्या चुलत्यांचा आवाज जरा चोरटाच निघाला, सवय नाही.

जेवणे झाल्यावर आत्याने मला जवळ बोलावले.

"आजीचं नाव हाय म्हनलास त्या वहीत?"

"आहे."

"नीट लिवलंय?"

"नाही. मधलं एक अक्षर चुकलंय. गावही चुकलंय."

"मग सांग की त्येनला, दुरुस्त करा म्हनावं."

तशी दुरुस्ती करता येते, पण पुरावा लागतो. गावाचा पुरावा सोपा होता. पणजीच्या नावाचा मात्र घरात एकच कागद निघाला, ती खजिन्याची पावती. तिच्यावर खजिन्याच्या कारकुनाने बाळबोध अक्षरात तिचे नाव शुद्ध लिहिले आहे, पुढे 'कोम' आहे, 'मयत' आहे, आणि खाली डाव्या हाताचा निळा अंगठा आहे. त्या पावतीचा फोटो काढून मी गेल्या आठवड्यात पाठवून दिला.